चौतीस गुणांचा कागद

पावाच्या रांगेत एवारिस्तो ओयार्सुनच्या पुढे दोनच माणसं उरली होती, तेव्हा त्याच्या लगेच पुढे उभी असलेली बाई मागे वळली आणि म्हणाली, "तुम्हीच ना ते? बिअरचे परीक्षक?"

गेल्या आठवड्यात पेपरात फोटो आला होता. घरगुती बिअर आणि चीचाची, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची, स्पर्धा, शनिवारी, बंबवाल्यांच्या सभागृहात. फोटोत तो आणि त्याच्या जोडीच्या परीक्षक आयदेबाई एका टेबलामागे उभे, दोघांच्याही हातात ग्लास, दोघांचेही डोळे मिटलेले. तेव्हापासून दोनतीन जणांनी त्याला हटकलं होतं, त्यामुळे त्याने नेहमीचं हसू तयार ठेवलं आणि म्हणाला, "वर्षातून एक दिवस. एरवी पाणी तपासतो मी." शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं होता. पाण्याला कसलाही वास आला नाही, चव लागली नाही, की त्याचा दिवस चांगला गेला.

"माझ्या नवऱ्याची बिअर तपासली होतीत तुम्ही," बाई म्हणाली. पन्नाशीच्या आसपासची, केस आखूड, रेनकोटच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. "पाच वर्षं झाली. काळी होती."

"बरी होती का?"

"चौतीस गुण. पन्नासपैकी. आणि खाली तुम्ही लिहिलं होतंत," तिने मान थोडी वर केली, शाळेत कविता म्हणताना करतात तशी, "दोष शोधून सापडला नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटला नाही."

"मी?"

"तुमची सही आहे खाली. आमच्या फ्रिजवर लावलेला होता तो कागद. चार वर्षं."

एवारिस्तोला त्या बिअरचं काहीही आठवेना. दर वर्षी तीसचाळीस बाटल्या त्याच्यासमोरून जात. "वाईट वाटलं असेल त्यांना," तो म्हणाला.

"रोदेमिलला? छे हो! पोट धरून हसला. मग सगळ्यालाच लावायला लागला. सिनेमा बघून आलो की म्हणायचा. मी रस्सा केला की चमचा तोंडात घालून म्हणायचा. माझ्या बहिणीच्या लग्नात तर नवरीला ऐकू जाईल असं म्हणाला. आम्ही सगळेच म्हणायचो, मुलगीसुद्धा. मजाच यायची." पुढचा माणूस बाजूला झाला, ती गल्ल्याकडे वळली, "एक किलो, जरा भाजलेला बघून द्या," असं म्हणाली, आणि पाव तोलला जाईपर्यंत पुन्हा त्याच्याकडे तोंड करून, आवाज जराही न बदलता म्हणाली, "मग मागच्या ऑक्टोबरात माझ्याबद्दल म्हणाला. बॅग भरून झाली होती तोवर." तिने पिशवी घेतली. "घ्या, नंबर आला तुमचा," ती म्हणाली आणि पावसात निघून गेली.

गल्ल्यावरच्या मुलीने दोनदा विचारलं तेव्हा त्याने काहीतरी आकडा सांगितला. बाहेर आल्यावर कळलं की आपण तीन किलो पाव घेतलाय. नदीच्या कडेने घरी जाताना तो ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता, आणि दर खेपेला ते अधिकच त्याचं स्वतःचं वाटत होतं. दुसऱ्या कुणा परीक्षकाचं असेल, सही चुकीच्या कागदावर पडली असेल, बाईला नीट आठवत नसेल, असे सगळे विचार त्याने करून पाहिले. पण ते दोन तुकडे, त्यांच्यामधला तो पूर्णविराम, दोन्ही तुकड्यांचा शेवट त्याच एका 'नाही'ने, ही त्याचीच लकब होती. प्रयोगशाळेतले अहवालही तो असेच लिहायचा. त्याला आठवलं की असं एखादं वाक्य सुचलं की तो आयदेबाईंकडे कागद सरकवायचा, त्या चष्म्यावरून वाचायच्या आणि नाकातून हसायच्या, आणि पुढची बाटली उघडेपर्यंत त्याला छातीत एक गोड गरमी जाणवत राहायची. दिवसभराच्या तीसेक घोटांत ती गरमी कुठल्याच बाटलीतून आलेली नसायची. हे त्याने आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. समोरून येणाऱ्या एका छत्रीला त्याचा धक्का लागला. तो सॉरी म्हणाला, आणि पुढे गेल्यावर त्याला वाटलं, आपण ते फार मोठ्याने म्हणालो.

घरी त्याची बायको फ्रेसिया लाकडाच्या शेगडीजवळ टेबल ओढून मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होती. शेगडीवर किटली. खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या. तिने पिशवीकडे पाहिलं.

"एवढा पाव? पाहुणे येणारेत की काय?"

"चुकून घेतला."

"तीन किलो चुकून?" ती हसली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

"काही नाही. तू वह्यांवर काय काय लिहितेस?"

"म्हणजे?"

"चूक असलं की काय लिहितेस?"

"पुन्हा कर, असं लिहिते. आणखी काय लिहिणार? चाळीस वह्या आहेत."

"आणि बरोबर असलं की?"

"बरोबरची खूण करते. एवारिस्तो, तुला बरं वाटत नाहीये का?"

तो म्हणाला, पाय भिजलेत. मोजे काढून त्याने शेगडीच्या दांडीवर वाळत घातले आणि त्यांतून निघणाऱ्या वाफेकडे बघत बसला. फ्रेसियाला सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं म्हटलं की ती हसणार हे त्याला ठाऊक होतं. ती म्हणेल, वाक्याने कुणाचा संसार मोडतो होय? जो जायचा तो गेला असता. आणि ते खरंही होतं. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता, कारण त्याला आता फ्रिजवरचा तो कागद दिसत होता, चार वर्षं, दूध काढताना, लोणी ठेवताना, आणि त्या कागदावर त्याचं तिरकं अक्षर, त्या स्वयंपाकघरातल्या रोजच्या भांडणावर आणि वाढदिवसांवर नजर ठेवून असलेलं. ज्या घरात तो कधी गेला नाही त्या घरात तो चार वर्षं राहून आला होता. तिथे त्याने जेवणाला नावं ठेवली होती. एका लग्नात तो नवरीला लागेल असं बोलला होता. आणि एका सकाळी, भरलेली बॅग पायाशी असताना, त्याने एका बाईकडे बघून ते म्हटलं होतं, आणि आज ती बाई त्याला म्हणाली होती की घ्या, नंबर आला तुमचा.

फ्रेसियाने चहाचा कप पुढे ठेवला. त्याने घोट घेतला, आणि तो घोट तोंडात असतानाच, कसलीही वर्दी न देता, त्याला ते वाक्य कुठून आलं ते आठवलं.

नदीपलीकडच्या गावात त्याच्या वडिलांची सफरचंदांची अकरा झाडं होती. बेलिसारियो ओयार्सुनची चीचा म्हणजे गढूळ, पिवळी, ऑक्टोबर लागला की शिरक्याकडे झुकणारी. शेजारी ती जगच्या जग प्यायचे, प्यायल्यावर मिशा पुसायचे आणि शिव्या द्यायचे आणि पुन्हा जग पुढे करायचे. एवारिस्तो शहरात रसायनशास्त्र शिकत होता. तिसऱ्या वर्षी तो एक घनतामापी आणि आंबटपणा मोजायच्या पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन घरी आला आणि त्याने वडिलांना पडवीत बसवून सगळं समजावून सांगितलं: पिंपं उकळत्या सोड्याने कशी धुवायची, गंधकाची पूड किती, हवा का लागू द्यायची नाही, यीस्ट रानातलं नको, पाकिटातलं घ्यायचं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. एवारिस्तोला तेव्हा वाटलं होतं की त्यांना उकडतंय.

पुढच्या मार्चात, सफरचंदांच्या हंगामात, त्यांनी तसंच केलं. अगदी तसंच. पूड तोलायला पाद्र्याकडून पत्रं तोलायचा काटा आणला. पिंपं इतकी घासली की आईने विचारलं, यांत आता बाळ ठेवणार आहात का? आणि ऑगस्टात एवारिस्तो आला तेव्हा वडिलांनी काचेच्या ग्लासात ती ओतली, जगमधून मगमध्ये नाही, ग्लासात, जो पाहुण्यांसाठी कपाटात असायचा. ती पाण्यासारखी नितळ होती. वडील समोर बसले. त्यांनी स्वतःला घेतली नव्हती. ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कशी आहे?"

"काही चूक नाही, बाबा."

"मग?"

"मग काय? चूक नाही म्हणजे उत्तमच की."

वडिलांनी जग उचलला. एवारिस्तोने ग्लासावर तळहात ठेवला आणि म्हणाला, बोट पकडायचीय. बोट पाचला होती. तेव्हा तीन वाजले होते, आणि भिंतीवरचं घड्याळ वडिलांच्या डोक्यामागे होतं म्हणून त्यांना दिसलं नसेल असं तो त्या वेळी समजला, पण त्या घरात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला तीन वाजलेले कळायला घड्याळ लागत नाही. वडिलांनी जग खाली ठेवला. त्यावर बशी झाकली. त्या वर्षानंतर त्यांनी सफरचंदं पिळली नाहीत. हात दुखतात म्हणाले. झाडांखाली पडलेली सफरचंदं शेजाऱ्यांची डुकरं खाऊन जात. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले आणि चहा पीत राहिले. एवारिस्तो दर महिन्याला जायचा, आणि त्या विषयावर दोघांपैकी कुणीही एक अक्षर काढलं नाही.

म्हणजे त्याने ते वाक्य रोदेमिलसाठी लिहिलंच नव्हतं. ते तीस वर्षं आत पडून होतं, आणि समोर एक नितळ, निर्दोष काळी बिअर आली तेव्हा त्याने ते तिच्यावर सोडून दिलं. ही गोष्ट सापडल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण त्याला बसवेना. तो उठला, ओले मोजे पुन्हा घातले, बाहेर जाऊन लाकडं आणली, गरज नसताना शेगडीत दोन ओंडके घातले, आणि फ्रेसिया म्हणाली, "अरे, भाजून काढतोस का मला?"

शुक्रवारी प्रयोगशाळेत त्याने सकाळचे नमुने दोनदा हुंगले. एरवी तो एकदाच हुंगायचा. दोन्ही वेळा कसलाही वास नव्हता, आणि तक्त्यात "नाही" लिहिताना त्याचं पेन अडखळलं. कशाचा नाही? कुणासाठी नाही? मग स्वतःचाच राग येऊन त्याने घाईघाईने उरलेले सगळे रकाने भरून टाकले.

शनिवारी सकाळी नऊला बंबवाल्यांच्या सभागृहात टेबलं मांडलेली होती. पांढरे कागद, पावाचे तुकडे, पाण्याचे जग, थुंकायच्या बादल्या. लाल बंब बाहेर अंगणात छपराखाली काढून ठेवलेला. आयदे मोन्साल्वे नेहमीप्रमाणे त्याच्या आधी येऊन बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अजून कुणालाही वर्गातल्यासारखं उभं करणाऱ्या. त्यांच्याकडे आणि त्याच्याकडे चीचाचं टेबल होतं, नऊ बाटल्या, नावं नाहीत, झाकणांवर नुसते आकडे.

"वास तुझ्याकडे," आयदेबाई म्हणाल्या. "माझ्या नाकाचं काही खरं नाही आता. मी रंग बघते आणि जिभेवर घेते. बाकी तू."

पहिली बाटली आली. एवारिस्तोने ग्लास हलवला, नाकाशी नेला, आणि त्याला झाकणावर उरलेला चिकटपट्टीचा डाग दिसला. कुणीतरी आधी दुसरी चिठ्ठी लावली होती, मग खरवडून काढली होती. नखाने. नियमात लिहिलं होतं की बाटलीवर कसलीही खूण नको, आणि त्या माणसाने नियम वाचून, स्वयंपाकघरात उभं राहून, नखाने ती खरवडली होती. त्याला त्या माणसाचा फ्रिज दिसायला लागला. चीचात शिरका होता, सरळसरळ, नाकात जाईल एवढा. त्याने लिहिलं: "ताजेपणा सुखद. थोडी आंबट झाक." अडतीस गुण.

दुसरीला चाळीस. तिसरीला सदतीस. एकदा त्याला कागदावर एक चांगलं वाक्य येताना दिसलं, दुरून, ओळखीच्या माणसासारखं, आणि त्याने पेन उचलून घाबरून पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. सातवी बाटली जरा गढूळ होती. तो तिच्यावर वाकला आणि थांबला. सफरचंदाच्या मागे, अगदी मागे, काहीतरी होतं. ओळखीचं नव्हतं आणि अनोळखीही नव्हतं. त्याचं नाक आपोआप त्यामागे निघालं, एक पाऊल, दोन पावलं, आणि मग त्याच्या मनात आलं की सापडलं तर लिहावं लागेल. त्याने ग्लास खाली ठेवला. लिहिलं: "सुगंध सुखद. प्रयत्न स्तुत्य. पुढील वाटचालीस शुभेच्छा." छत्तीस.

नऊ बाटल्या झाल्यावर आयदेबाईंनी कागद शेजारी शेजारी ठेवले. दोघांच्या गुणांत सातापेक्षा जास्त फरक चालत नसे, आणि इथे तर प्रत्येक ओळीत दहाबाराचा होता.

"एकचे अडतीस? अरे, हे सॅलडवर घालायच्या लायकीचं आहे."

"मेहनत दिसत होती त्यात."

"कशाने दिसली? मेहनत हुंगलीस का तू?" त्यांनी चष्मा काढला. "आणि ही सातवी. मी सव्वीस दिलेत, गढूळ आहे, आंबटपणा जास्त, गाळ ढवळला गेलाय. वासाचं तू लिहिणार होतास. काय लिहिलंस? शुभेच्छा. वाढदिवस आहे का तिचा?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. एवारिस्तोही हसायला गेला, पण त्याचे ओठ नीट उघडले नाहीत. "लोक घरी नेतात हो हे कागद," तो म्हणाला.

"मग? न्यायलाच तर देतो."

"फ्रिजवर लावतात."

आयदेबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू आज माणसं चाखतोयस. बाटल्या नाही." आणि थोड्या वेळाने, "दुपारी शेवटच्या फेरीला बसू नकोस. मी सांगते त्यांना, सर्दी झालीय म्हणून. सर्दी कुणालाही होते."

सातव्या बाटलीचे त्याचे छत्तीस त्यांनी तेहेतीसवर आणायला लावले, बाकीचेही असेच खाली ओढले, पण शब्द तसेच राहिले, कारण शब्दांना फरकाचा नियम नव्हता. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तो शेवटच्या टेबलावर नव्हता. सभागृहामागच्या मोरीवर दोघी स्वयंसेविका ग्लास धूत होत्या. त्याने न विचारता बाह्या वर केल्या आणि विसळायला उभा राहिला. गरम पाण्याने हात लाल झाले. आतून हसण्याचा आवाज आला की त्याला वाटायचं, आपल्यावरच. मग वाटायचं, आपल्यावर कशाला हसतील, आपल्याला तर सर्दी झालीय. एका ग्लासाच्या तळाशी उरलेली कुणाचीतरी लाल बिअर ओतताना त्याला वाटलं की उद्यापासून यातलं काहीही करू नये, पाणी तपासावं, घरी यावं, आणि त्याच वेळी ती बिअर कुठल्या माल्टची, किती भाजलेल्या सातूची असेल याचा त्याचं नाक हिशेब करत होतं. ते त्याला थांबवता आलं नाही.

चारला निकाल होता. माणसं ओल्या कोटांनिशी दाटीने उभी राहिली, नावं पुकारली गेली, टाळ्या पडल्या, आणि दारापाशी पाकिटं वाटायला सुरुवात झाली. तेव्हा त्याला ती दिसली. तोच रेनकोट, खांद्याला कापडी पिशवी. तिने "निविया" असं नाव सांगून पाकीट घेतलं, भिंतीला टेकून तिथेच फाडलं, दोन कागद काढले. पहिला तिने सावकाश वाचला. दुसरा वाचायला तिला एक क्षणही लागला नाही. तिने तो उलटा करून मागेही पाहिलं. मग ती सभागृहभर नजर फिरवू लागली, आणि एवारिस्तो मोरीच्या दारात ओले हात घेऊन उभा होता, त्याला कुठे जाताही आलं नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

कागदावर सातचा आकडा होता. "तुमची होती?" तो म्हणाला. "तुम्ही बोलला नाहीत परवा."

"बोलायचं नसतं ना? नियम आहे." तिने कागद त्याच्यापुढे धरला. "सुगंध सुखद. प्रयत्न स्तुत्य. पुढील वाटचालीस शुभेच्छा. कुठली वाटचाल हो? मी काय निवडणुकीला उभी आहे?"

"मला वाटलं..."

"मी पावाच्या रांगेत बोलले म्हणून लिहिलंत का असं?"

"तुमची कुठली ते मला माहीत नव्हतं."

"मग?"

"सगळ्यांनाच तसं लिहिलंय."

ती अचानक मोठ्याने हसली, इतकी की ग्लास धुणाऱ्या दोघींनी वळून पाहिलं. "म्हणजे रोदेमिलने तुम्हालासुद्धा बिघडवलं!" हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले, आणि तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "ऐका. त्याच्या कागदाचं मी तुम्हाला का म्हणून सांगितलं, मलाही माहीत नाही. राग होता म्हणा. पण तो गेला त्याचं तुमच्या वाक्याशी काही नाही. ते नसतं तर दुसरं सापडलं असतं त्याला. मला सांगायचंय ते हे, की त्याची बिअर तुम्ही प्यायला होतात. ती पिऊन तुम्हाला काहीतरी वाटलं आणि तुम्ही ते लिहिलंत. याच्यात," तिने कागद हलवला, "कुणी प्यायलंय का?"

त्या दुसऱ्या बाईंचा कागद मात्र कामाचा आहे, ती म्हणाली, गाळाचं त्यांनी अगदी बरोबर पकडलंय. एप्रिलात तिने भाड्याच्या घरामागच्या झाडाची सफरचंदं पिळली होती. रोदेमिलची भांडी, नळ्या, बुधले सगळं तिच्याकडेच राहिलं होतं. देऊन टाकावं म्हणून एका शनिवारी खोक्यात भरायला घेतलं आणि भरता भरता, आधी एक बुधला घासून तरी बघू, असं झालं. कुणी शिकवलं नाही. जिथे अडली तिथे अंदाजाने केलं.

एवारिस्तोने हात पँटला पुसले. "एखादी बाटली आहे का अजून?"

"पिशवीत आहे एक. बहिणीला द्यायची होती."

"द्या."

बाहेर छपराखाली, बंबाच्या पायरीवर ते बसले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्याने मोरीवरून दोन ग्लास आणले होते. तिने झाकण उघडलं, त्याने बाटली न ढवळता तिरकी धरून ओतली आणि ग्लास नाकाशी नेला. लगेच प्यायला नाही. मग प्यायला, तोंडात फिरवली, आणि गिळली. बादली आतच राहिली होती.

"आंबटपणा जास्त आहे," तो म्हणाला. "सफरचंदं कच्ची घेतलीत."

"पक्षी खात होते. थांबता येईना."

"मग गोड जातीची थोडी मिसळा कुणाकडून तरी आणून. गढूळपणा जाऊ दे, त्याने काही बिघडत नाही. पण शेवटी कडू लागतंय बघा, जिभेच्या मागे. बिया चिरडल्यात."

"मिक्सरला लावली ना मी. रस काढायचं लाकडी दाबयंत्र कुठलं माझ्याकडे? पहिल्यांदा मिक्सर, मग फडक्यातून."

"मिक्सर नको. कुटा. हाताने कुटा. आणि बुधला वरपर्यंत भरला नव्हतात, हवा राहिली होती. आणखी दोन महिन्यांत हिचा शिरका होईल."

"हे असं लिहायला काय झालं होतं?" ती म्हणाली. तिने पिशवीतून पेन काढलं होतं आणि शुभेच्छांच्या कागदाच्या पाठीवर लिहीत होती. "थांबा जरा. कुटा. मग?"

तो पुन्हा ग्लासावर वाकला. तो वास अजून तिथेच होता, सकाळी सोडून दिला होता तिथेच, सफरचंदाच्या मागे. त्याने डोळे मिटले. ओलं लाकूड नाही. मध नाही. उंदराचा जो वास चीचाला लागतो तो तर नाहीच, तो गिळल्यावर येतो आणि वाईट असतो. हा वाईट नव्हता. इस्त्रीखालचं सुती कापड? जवळ गेला आणि निसटला. वाळलेलं पुदिन्याचं पान, जुन्या डब्यातलं? नाही. त्याने ग्लास तळहातांत धरून गरम केला, पुन्हा हुंगला. आत कुणीतरी बाकं ओढत होतं, आयदेबाई कुणालातरी ओरडत होत्या. त्याला आठवेना, आणि शेजारी ती पेन धरून थांबली होती.

"आणखी एक वास आहे हिला," तो शेवटी म्हणाला. पुढचं वाक्य अकरा वर्षांच्या परीक्षणात त्याने कुणापुढे उच्चारलं नव्हतं, पण सांगताना त्याचा आवाज सरळ राहिला. "तो कशाचा आहे, मला ओळखता येत नाहीये."

निवियाने पेन खाली केलं. त्याच्या हातातून ग्लास घेऊन तिने नाकाशी धरला, हातांत फिरवला आणि पुन्हा हुंगला.

"मलाही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर पाठवली होती."